माळाच्या पोटातला कर्ब

जून उजाडला की पुण्याच्या टेकड्यांवर कुदळ-फावड्यांची लगबग सुरू होते. शाळा-महाविद्यालयांतली मुले, कंपन्यांचे कर्मचारी, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, रोज सकाळी फिरायला येणारी मंडळी असे सगळेच रोपे घेऊन टेकडी चढतात. ‘उजाड टेकडी हिरवी करायची’ हा त्यामागचा साधा, निर्मळ हेतू. अलीकडे त्याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. झाडे हवेतला कार्बन शोषून घेतात, तेव्हा लावलेले प्रत्येक झाड म्हणजे तापत चाललेल्या पृथ्वीवरचा एक छोटासा उतारा, असे आपण मानतो.

या समजुतीत दोन गृहीते दडलेली आहेत. टेकडी ‘उजाड’ आहे म्हणजे तिथे पूर्वी जंगल होते आणि ते माणसाने घालवले, हे पहिले. कार्बन साठतो तो झाडाच्या खोडात, हे दुसरे. दोन्ही अर्धवट खरी आहेत. अर्ध्या सत्यावर उभी राहिलेली योजना जमिनीचे नुकसान करू शकते, आणि पुण्याच्या टेकड्या व त्यांच्या पूर्वेला पसरलेली माळराने यांच्या बाबतीत ते काही अंशी झालेही आहे. म्हणून इथे दोन प्रश्नांचा माग काढायचा आहे. ही जमीन मुळात होती कशी? आणि तिला तिच्याच वनस्पती परत दिल्या तर कर्ब किती साठेल, कुठे साठेल? (आपला शेतकरी माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हा शब्द वाचतच असतो. कार्बनसाठी तोच शब्द इथे वापरला आहे.)

एका झाडाचा हिशेब

आधी झाडाचेच खाते मांडून पाहू. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, त्यातला कर्ब ठेवून घेते आणि प्राणवायू सोडते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ४७ टक्के कर्ब असतो. एक किलो कर्ब म्हणजे हवेतला सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. आता खोड, फांद्या, मुळे मिळून ज्याचे कोरडे वजन १०० किलो भरेल असे एक झाड घ्या. त्यात ४७ किलो कर्ब आहे, म्हणजे त्याने हवेतून सुमारे १७२ किलो कार्बन डायऑक्साइड काढून घेतला आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे त्या झाडाची सगळी कमाई ७५ लिटर पेट्रोलाएवढी. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीवरून रोज २० किलोमीटर जाणारा पुणेकर ती साधारण सहा महिन्यांत संपवतो. टेकडीवरच्या कातळात, मुरमाड उथळ मातीत, ७०० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर १०० किलोचे झाड उभे राहायला मात्र कितीतरी वर्षे लागतात. आणि ते जळले, वाळले किंवा तोडून चुलीत गेले तर साठवलेला कर्ब पुन्हा हवेत.

हा हिशेब झाडांची किंमत कमी करण्यासाठी मांडलेला नाही. टेकड्या हिरव्या करून शहराच्या धुराची भरपाई होईल, ही आशा किती टिकाऊ आहे, एवढेच त्यातून दिसते. शहराचा धूर शहरातच कमी करावा लागेल. टेकडीकडून काय मागायचे, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

ग्लिरिसिडियाची चाळीस वर्षे

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती-पाचगाव, तळजाई, बाणेर यांपैकी कोणत्याही टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये गेले तर पाने झडलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस लगडलेली झाडे जागोजागी दिसतात. पुण्याबाहेरून आलेल्या पाहुण्याला ती टेकडीची मूळची शोभा वाटावी. हे झाड म्हणजे ग्लिरिसिडिया, मराठीत गिरिपुष्प. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्याच्या बिया आणि साल उंदरांना विषारी म्हणून ‘उंदीरमारी’ हे त्याचे दुसरे नाव.

हे झाड इथे कोणी खोडसाळपणे आणले नाही. १९८० च्या दशकात देशभर सामाजिक वनीकरणाची लाट होती. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. जळणाचा तुटवडा खरा होता, जमिनीची धूप खरी होती आणि टेकड्यांवर चराईचा ताणही खरा होता. वनखात्याला असे झाड हवे होते, जे कातळावर जगेल, पाण्यावाचून तग धरेल, शेंगवर्गीय असल्याने मातीत नत्र धरेल, फांदी खोचली तरी फुटेल आणि ज्याच्या वासाने जनावरे तोंड लावायला कचरतील. ग्लिरिसिडिया या सगळ्या अटींत उत्तीर्ण झाला. त्याच्या जोडीला सुबाभूळ, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आल्या. कोकणात भाताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ग्लिरिसिडिया लावतात, तिथे तो उपयोगाचाच आहे.

टेकडीवर मात्र त्याने जगण्याबरोबरच दाटण्याचेही काम केले. दाट सावलीत उन्हाची सवय असलेले गवत मागे हटले. नत्र वाढले तसे मूळच्या काटक वनस्पतींपेक्षा तणांचे फावले. पुण्यातले निसर्ग अभ्यासक गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत की ही झाडी लांबून हिरवी दिसते, पण तिच्यात पक्षी, फुलपाखरे आणि गवतफुले यांची वस्ती विरळ असते. टेकडी हिरवी झाली खरी. तिचे स्वतःचे असे जे होते ते किती उरले, हे कोणी मोजले नव्हते. कारण तिचे स्वतःचे असे काही होते, हेच आपण मानत नव्हतो.

पोथ्यांची साक्ष

‘उजाड माळ म्हणजे नासलेले जंगल’ ही समजूत जुनी आहे. इंग्रजांनी रेल्वेच्या रुळांसाठी आणि इंजिनांसाठी जंगले तोडली, मग गुरे आली, माती वाहून गेली आणि माळ उरला, अशी ती कथा सांगितली जाते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि इतर अनेक ठिकाणी जंगलतोड झाली, यात शंका नाही. पण पुण्यापासून पूर्वेकडे, दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, माणपर्यंत पसरलेल्या सगळ्या माळालाही हीच कथा लागू पडते का?

या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले: मराठी साहित्यातून. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातले वनस्पती-परिसंस्थेचे अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या ‘आयसर’मधले दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या कथा, काव्ये, चरित्रे, स्थलकथा आणि ओव्या त्यांनी चाळल्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या वर्णनांत कोणकोणत्या रानवनस्पती येतात, याची नोंद केली. ४४ रानवनस्पती ओळखता आल्या. त्यांपैकी २७ उघड्या गवताळ प्रदेशाच्या खुणा सांगणाऱ्या होत्या, १४ कुठेही वाढणाऱ्या होत्या आणि दाट जंगलाची खूण सांगणाऱ्या अवघ्या ३. याचा अर्थ असा, की इथला बराचसा माळ किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. रेल्वे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

एकदा ही दृष्टी आली की आपल्या ओळखीच्या गोष्टी नव्याने दिसू लागतात. पंढरपूरला विठ्ठल मंदिरात कान्होपात्रेच्या आठवणीला जोडलेले झाड आहे ते तरटीचे, म्हणजे कोरड्या, उघड्या मुलखातल्या काटेरी झाडाचे. इंदापूर तालुक्यातला पळसदेव, दौंडकडच्या बोरीभडक आणि बोरीपार्धी, नगरकडचे हिवरे बाजार, ठिकठिकाणची बाभुळगावे ही नावे उच्चारताच पळस, बोर, हिवर आणि बाभूळ ऐकू येतात. हा सगळा परिवार ऊन मागणारा, एकमेकांपासून अंतर राखून उभा राहणारा. गावाचे नाव हा काही पुरावा नव्हे, पण इतकी नावे एकाच सुरात बोलत असतील तर ती ऐकायला हवीत.

गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या आणि दैवतांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना याच पशुपालकांच्या मुलखाकडे बोट दाखवले. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा ही दैवते मेंढरांच्या वाटेवरची आहेत. मेंढरांची वाट गवतातून जाते, दाट रानातून नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. तिचा माळ आपण माणसाच्या ओढगस्तीची पार्श्वभूमी म्हणून वाचत आलो. ती एका प्राचीन परिसंस्थेचीही नोंद आहे. आपल्या भाषेत माळ, माळरान, कुरण, गायरान, बरड, वरकस असे वेगवेगळे शब्द आहेत. सरकारी कागदाने त्या सगळ्यांवर ‘पडीक’ हा एकच शिक्का मारला.

हाडे, माती आणि गवत

पोथ्यांच्या साक्षीवर एक आक्षेप घेता येतो. तेराव्या शतकातही माणूस, त्याची गुरे आणि त्याने लावलेले वणवे होतेच. मग माळ त्याआधी घडला असेल! म्हणून आणखी मागे जायला हवे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या शेतकरी वस्तीत शिकार केलेल्या प्राण्यांच्या हाडांत इतर हरणांबरोबर काळवीटही आहे. काळवीट हा उघड्या मैदानात धावून जीव वाचवणारा प्राणी. तो जिथे मारला गेला तिथे जवळपास गवताळ माळ असणार. इतर हरणांची हाडे सांगतात की नदीकाठी आणि ओढ्यांत झाडीही होती. चित्र असे सरमिसळ आहे, आणि तेच खरे असावे.

त्याहून मागे जायचे तर कर्बालाच साक्षीला बोलवावे लागते. कर्बाचे अणू दोन वजनांचे असतात: बहुसंख्य हलके आणि शेकड्यात एखादा जड. बहुतेक झाडे प्रकाशसंश्लेषण करताना जड अणू टाळतात. उष्ण प्रदेशातली बहुसंख्य गवते मात्र कर्ब पकडण्याची वेगळी रीत वापरतात, तिला ‘सी-४’ म्हणतात. त्या रीतीत जड अणू जास्त आत येतात. त्यामुळे मातीत मिसळलेला कर्ब तपासला की तो गवताचा की झाडाचा हे कळते, भांड्याला लागलेल्या खरकट्यावरून काल काय शिजले होते ते कळावे तसे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या प्राचीन मातीत ही खूण सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वीपासून ठळक होते. गवताळ प्रदेश भारतीय उपखंडात माणसाच्या कितीतरी आधी पोहोचले होते.

आणि शेवटची साक्ष खुद्द वनस्पतींची. भारतीय द्वीपकल्पाच्या गवताळ प्रदेशांत जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या २०६ वनस्पतींची यादी नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४३ टक्के जाती गेल्या दोनच दशकांत शास्त्राला माहीत झाल्या. म्हणजे आपण ज्याला पडीक म्हणत होतो तिथे अजून नव्या जाती सापडत आहेत. अशा जाती घडायला काही शतके पुरत नाहीत. माणसाने केलेल्या नासधुशीतून इतक्या खास वनस्पती उपजत नसतात.

जमिनीखालचे रान

आता पुन्हा कर्बाकडे वळू. माळावर उभे राहिले की डोळ्यांना दिसते ते गुडघाभर गवत. ऑक्टोबरनंतर तेही वाळते. यात कर्ब कुठून साठणार, असे वाटणे साहजिक आहे. पण गवताचा मोठा कारभार जमिनीखाली असतो. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी यांसारखी बहुवार्षिक गवते ठोंबांनी वाढतात. त्यांच्या तंतुमुळांचे जाळे मातीच्या कणाकणांत शिरते. दरवर्षी त्यातला काही भाग मरतो आणि नवा येतो. मेलेल्या मुळांचे सूक्ष्मजीव जे करतात त्यातला काही अंश मातीच्या चिकण कणांना घट्ट चिकटतो आणि दशकानुदशके, कधी शतकानुशतके तिथेच राहतो. दख्खनची माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून, म्हणजे काळ्या पाषाणातून आलेली. तिच्यातली चिकण कर्ब धरून ठेवायला चांगली.

आफ्रिकेतल्या आणि इतर उष्ण प्रदेशांतल्या सॅव्हाना मातींचा वरचा एक मीटर थर तपासून २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवले, की त्यातला अर्ध्याहून अधिक कर्ब गवतातून आलेला आहे. झाडांच्या खालच्या मातीतही गवताचा वाटा मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात काही तुकड्यांवर कित्येक दशके आग रोखून धरली होती. तिथे झाडी वाढली, पण जमिनीवरचा आणि जमिनीखालचा असा एकूण कर्ब अपेक्षेच्या मानाने थोडाच वाढला. अमेरिकेच्या कोरड्या नैऋत्य भागातला २००२ चा एक अभ्यास तर सांगतो, की गवतात झुडपे घुसल्यावर कमी पावसाच्या जागी मातीतला कर्ब वाढला, पण जास्त पावसाच्या जागी घटला. झाड वाढले की कर्ब वाढतोच, असा सरळ नियम इथे चालत नाही.

टिकाऊपणाचाही मुद्दा आहे. माळाला आग लागली तर वरचे वाळके गवत जाते, खालचा कर्ब बहुतांश तसाच राहतो आणि पहिल्या पावसात ठोंब पुन्हा फुटतो. लावलेल्या झाडीत आग शिरली तर वर्षानुवर्षांची साठवण एका दुपारी हवेत जाते. म्हणून काही टेकड्या जाळाव्यात असे नव्हे. शहरालगतच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात हौसेने किंवा निष्काळजीपणाने लावलेल्या आगी पक्ष्यांची घरटी आणि कोवळी रोपे दोन्ही मारतात. सांगायचे एवढेच, की ज्या मुलखात आग आणि दुष्काळ पाचवीला पुजलेले आहेत तिथे ठेव तळघरात असलेली बरी.

ही ठेव केवढी? उथळ मुरमाड जागी मातीचा दहा सेंटिमीटरचा थर धरला तर एका हेक्टरवर सुमारे १,३०० टन माती असते. तिच्यात एक टक्का सेंद्रिय कर्ब असेल तर १३ टन, म्हणजे हवेतला सुमारे ४८ टन कार्बन डायऑक्साइड. यात जादू नाही. अर्धा टक्का वाढ व्हायलाही खूप वर्षे लागतात. पण उलट दिशा फार वेगाची आहे. जेसीबीने सलग समतल चर खोदले की घट्ट बसलेली माती उलटीपालटी होते, हवा लागते, सूक्ष्मजीव कर्ब खाऊन टाकतात आणि पहिला वळीव उरलीसुरली माती वाहून नेतो. कर्ब साठवण्यासाठी झाड लावायचे आणि ते लावण्यासाठी साठलेला कर्ब उधळायचा, हा व्यवहार आपण कित्येक टेकड्यांवर केला आहे.

बिघडलेली जमीन कोणती?

मग टेकडीवर काहीच करू नये का? करायला भरपूर आहे. फक्त आधी जमीन ओळखावी लागेल. पुण्याच्या टेकड्यांवर आज साधारण तीन प्रकारची जमीन आहे, आणि तिन्हींचा उपचार वेगळा आहे.

पहिली खरोखर बिघडलेली. दगडखाणींनी पोखरलेले कडे, टेकडीफोड झालेले उतार, बांधकामाचा राडारोडा टाकलेल्या जागा. इथे माती उरलेली नाही किंवा ती गाडली गेली आहे. इथे श्रम, पैसा आणि कार्यकर्ते सगळेच लागतील. राडारोडा उचलायचा, पाणी अडवायचे, स्थानिक गवतांचे बी टाकून माती धरायची आणि मग कातळात तग धरणारी गणेर, सालई, मोई, पळस अशी झाडे. कर्बाची खरी नवी कमाई इथेच आहे, कारण इथे खाते जवळजवळ शून्यावर आहे.

दुसरी ग्लिरिसिडियाखाली दबलेली. ती एका हंगामात साफ करण्याचा मोह टाळायला हवा. तोडलेला बुंधा पुन्हा फुटतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी घाणेरी किंवा रानमोडी शिरते. टप्प्याटप्प्याने विरळणी, फुटवे वारंवार काढणे आणि उजेड आत येईल तसे स्थानिक गवत व झाडे आणणे हाच मार्ग. घळीत, ओढ्याच्या कडेला, उत्तरेच्या सावलीच्या उतारावर ओल टिकते. तिथे धावडा, खैर, मेढशिंगी, वारस, पांगारा, काटेसावर अशी दाटी शोभून दिसेल. पठारावर आणि उन्हाच्या उतारावर मात्र गवत मुख्य आणि झाड पाहुणे, हेच प्रमाण ठेवायला हवे. ‘देशी झाडे लावा’ ही घोषणा चांगली आहे, पण अपुरी आहे. वड-पिंपळ देशी आहेत म्हणून ते पठाराच्या कातळावरचे ठरत नाहीत. आणि देशी म्हणताना आपण गवताला त्यात कधी मोजतच नाही.

तिसरी अजून शाबूत असलेली. वेताळ टेकडीच्या माथ्यावर, शहराच्या कडेच्या काही पठारांवर असे तुकडे आहेत. पावसाळ्यात तिथे भुईवरच्या आमऱ्या, कंदीलपुष्पे, मुसळीसारख्या कंदवर्गीय वनस्पती येतात आणि दिवाळीनंतर कंद होऊन जमिनीत निजतात. मे-जूनमध्ये खड्डा घेणाऱ्याला ती जागा रिकामी दिसते, कारण तिथले रहिवासी तेव्हा झोपलेले असतात. या जमिनीवर करण्यासारखे सर्वांत मोठे काम म्हणजे काही न करणे: चर नको, खड्डा नको, वाहन नको. जुनी गवताळ भूमी एकदा मोडली की तिच्या जाती परत यायला किमान शतक, आणि बहुतेकदा हजारो वर्षे लागतात, असा निष्कर्ष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून काढला. झाड तोडल्यावर आपण हळहळतो. पठार खणल्यावर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. परत येण्याचा काळ पाहिला तर दुसरे नुकसान लहान नाही.

कागदावरचा माळ

हा सगळा विचार तज्ज्ञांच्या चर्चेपुरता राहिला असता तर त्याची निकड भासली नसती. पण जमिनीचे भवितव्य कागदावर ठरते आणि कागदाला माळ दिसत नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका निबंधाने सांगितले, की जगात आणखी ९० कोटी हेक्टरांवर झाडी वाढवता येईल आणि तीत २०,५०० कोटी टन कर्ब मावेल. जगभर त्याचे स्वागत झाले. काही महिन्यांतच वेल्डमन आणि इतर अनेक शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला: हा आकडा सुमारे पाचपट फुगलेला आहे, आणि झाडी वाढवण्याच्या जागा म्हणून प्राचीन गवताळ प्रदेश धरले आहेत. आपल्याकडे त्या वर्षी राज्य सरकारने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटींपासून सुरू झालेली ती मोहीम होती. इतकी झाडे लावायला जागा कुठली मिळणार? जिथे शेत नाही, घर नाही, दाट जंगल नाही, तीच. म्हणजे माळ.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये हरित पत योजना आणली. फेब्रुवारी २०२४ च्या तिच्या पद्धतीनुसार ऱ्हास झालेली वनजमीन, खुरटे रान, पडीक जमीन यांवर हेक्टरी किमान १,१०० झाडे अपेक्षित होती. म्हणजे दर तीन मीटरवर एक. ऑगस्ट २०२५ मध्ये पद्धत बदलली. आता पाच वर्षे काम झाल्यावर आणि किमान ४० टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली आल्यावरच पत मिळेल. नुसते खड्डे मोजण्यापेक्षा जगलेली झाडे मोजणे हे पुढचे पाऊल खरेच. पण ४० टक्के छत्र म्हणजे सॅव्हानाचा शेवट. ज्या माळावर झाडे मुळातच विरळ असतात, तो निरोगी असेल तितका या कसोटीत नापास होईल. देशाच्या वन सर्वेक्षणात दहा टक्क्यांहून कमी छत्राच्या वनजमिनीला ‘झुडपी’ म्हणतात आणि तिथे काहीतरी कमी आहे असा अर्थ आपोआप निघतो.

पुण्यात या प्रश्नाला आणखी धार आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी राखीव आहे. राज्य सरकारने त्या आरक्षणावर २०१५ मध्ये शिक्कामोर्तब केले. तरी ती जागा ताब्यात घेणे, मोबदला, बांधकामाचा दबाव हे वाद चालूच आहेत. वेताळ टेकडीवर बालभारती ते पौड फाटा रस्त्यावरून आणि बोगद्यांवरून नागरिक आणि महापालिका समोरासमोर आले. अशा प्रत्येक वादात एक हिशेब पुढे केला जातो: इतकी झाडे जातील, त्याच्या काही पट दुसरीकडे लावू. झाडांची बदली होऊ शकते, असे क्षणभर धरू. पण पठाराची बदली कुठे करणार? जिथे जमिनीचे मोल फक्त झाडांच्या संख्येत मोजले जाते तिथे झाडे नसलेल्या पठाराच्या बाजूने बोलायला आकडाच उरत नाही.

चित्र सगळेच काळे नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण माळाला माळ म्हणून राखणारे. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूरमधील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लांडगा, कोल्हा, चिंकारा, धाविक पाहायला लोक पैसे मोजून जातात. ज्या जमिनीला सरकारी कागद पडीक म्हणतो तिचेच तिकीट निघते, यातून निदान एका खात्याने तिची किंमत ओळखली असे म्हणता येईल. पेशवाईत घोडदळासाठी कुरणे राखली जात. राखणे हे त्या काळीही कामच मानले जाई. धनगरांना कोणत्या महिन्यात कोणते गवत राखायचे हे ठाऊक होते. ती माहिती अजून काही जुन्या माणसांकडे आहे.

कर्बासाठी माळ राखा, असे म्हणणेही अर्धेच होईल. माळाचा कर्ब शहराचे पाप धुऊन काढण्याइतका नाही. पण तो जिथे आहे तिथे टिकाऊ आहे, आणि त्याच्याबरोबर पाणी मुरते, मेंढरे जगतात, चंडोल गातो. बिघडलेल्या जमिनीला तिच्या वनस्पती परत देणे आणि न बिघडलेल्या जमिनीला सुधारणेपासून वाचवणे ही दोन कामे एकाच वेळी करायची आहेत. पहिले काम दिसते, त्याचे छायाचित्र निघते. दुसऱ्याचे निघत नाही.

ज्यांना पुढच्या जूनमध्ये टेकडीवर झाड लावायचे आहे, त्यांनी या दिवाळीतच एकदा तिथे जाऊन यावे. कुसळी पिकून वाऱ्यावर सोनेरी झालेली असेल, धोतराला कुसळे चिकटतील. कुठे कातळाच्या फटीत वाळत चाललेले कंदीलपुष्पाचे वेल असतील, कुठे आमरीच्या शेंगा तडकत असतील. गवत कुठे अखंड आहे, कुठे राडारोडा आहे, कुठे ग्लिरिसिडियाखाली जमीन नागडी आहे, हे एका वहीत टिपून ठेवावे. मग जूनमध्ये कुदळ कुठे मारायची आणि कुठे मुळीच मारायची नाही, याचा नकाशा हाताशी असेल.